हिवताप उजेडात सापडतो. रुग्ण मात्र अंधारात का?

डास जात पाहून चावत नाही, हे वाक्य आरोग्य खात्याच्या भाषणांत नेहमी ऐकू येते. वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. डास जात पाहत नाही. परंतु कालव्याच्या कडेला पाल ठोकून राहतो कोण, इमारतीच्या पायाच्या खड्ड्याशेजारी पत्र्याच्या खोलीत कुटुंब घेऊन राबतो कोण, रात्री उघड्यावर झोपतो कोण आणि दवाखान्यापासून कोसभर दूर डोंगरातल्या वाडीवर जगतो कोण, या प्रश्नांची उत्तरे काढायला बसलो की जात आणि वर्ग दोन्ही आपोआप समोर येतात. म्हणूनच हिवताप म्हणजे मलेरिया हा केवळ डॉक्टरांचा विषय नाही, तो चळवळीच्या वाचकांचाही विषय आहे.

या रोगावर औषध आहे आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. तरीही माणूस दगावतो. याचे मोठे कारण म्हणजे रोग वेळेवर ओळखला जात नाही. फाल्सिपेरम जातीच्या जंतूचा हिवताप काही दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा सुई टोचल्यापासून अहवाल हाती येईपर्यंतचा काळ हाच गरिबाच्या जगण्या-मरण्याचा काळ असतो. हा काळ तासांवरून मिनिटांवर आणता येईल का, रक्ताच्या पेशीवर नुसता प्रकाश टाकून आत जंतू आहे की नाही हे सांगता येईल का, यावर गेली अनेक वर्षे संशोधन चालू आहे. त्यातले महत्त्वाचे काम आपल्या मुंबईत झाले आहे. त्याची माहिती आपल्या लोकांना असली पाहिजे.

आधी ओतूरकडे पाहू. जुन्नर तालुक्यातील हे बाजाराचे मोठे गाव. कल्याणकडून माळशेज घाट चढून येणारा रस्ता इथूनच पुढे नगरकडे जातो. जवळच पिंपळगाव जोगे धरण आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, आंबेगाव तालुक्यातील डिंभे आणि हे पिंपळगाव जोगे मिळून कुकडी प्रकल्प झाला. कालव्यांनी पाणी आले, पाण्याने ऊस, कांदा आणि द्राक्षे आली, आणि पिकांमागे मजूर आले. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. तिथले तरुण मजुरीसाठी खाली उतरतात, घाट उतरून कल्याण-मुंबईलाही जातात.

ओतूर म्हणजे गडचिरोली नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात हिवतापाचा सर्वात मोठा भार वर्षानुवर्षे गडचिरोलीच्या आदिवासींनी आणि मुंबईच्या कष्टकरी वस्त्यांनी वाहिला आहे. पण जिथे रोग कमी असतो तिथे धोका वेगळ्या प्रकारचा असतो. तिथे डॉक्टरच्या मनात हिवतापाचा विचार चटकन येत नाही. पावसाळ्यात मुंबईच्या बांधकामावरून थंडीताप घेऊन परतलेल्या माणसाला ‘व्हायरल’ म्हणून दोन गोळ्या आणि एक इंजेक्शन मिळते. घरचे लोक अंगारा लावतात. तीन दिवस जातात. जंतूला तेवढे पुरतात.

हा जंतू माणसाने पहिल्यांदा पाहिला तो प्रकाशाच्या मदतीनेच. १८८० साली अल्जीरियातील कॉन्स्टंटाइन येथे अल्फोन्स लॅव्हेरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने एका तापकरी सैनिकाचे ताजे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले. त्याला तांबड्या पेशींत काळपट कण आणि वळवळणारे धागे दिसले. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात तो जंतू सापडला आणि १९०२ साली त्यांना नोबेल मिळाले. त्या शोधासाठी डासांकडून स्वतःला चाववून घेणारा माणूस होता हुसेन खान नावाचा एक हिंदुस्थानी रुग्ण. एका डासाला एक आणा या दराने त्याला पैसे मिळाले. रॉस यांचे नाव शाळेच्या पुस्तकात आहे. हुसेन खानाचे नाव किती जणांना माहीत आहे? ज्याच्या रक्तावर विज्ञान उभे राहते, त्याचे नाव तळटीपेत जाते, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

१८९७ हेच वर्ष सावित्रीबाई फुले यांच्या निधनाचेही आहे. पुण्यात प्लेग असताना मुंढव्याच्या वस्तीतून आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि १० मार्च रोजी त्याच साथीने गेल्या. रोग ओळखणे आणि रोग्यापर्यंत पोचणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम प्रयोगशाळेत होते. दुसऱ्या कामासाठी कोणाला तरी पाठ द्यावी लागते. आजचा आपला प्रश्न या दोन कामांमधल्या अंतराचाच आहे.

रॉस यांच्या काळापासून आजपर्यंत हिवतापाचे निदान मुख्यतः काचपट्टीवर होते. बोटाला टोचून थेंबभर रक्त काचेवर पसरायचे, ते रंगवायचे आणि तेल लावलेल्या भिंगाखाली तपासायचे. भारतातल्या राष्ट्रीय कार्यक्रमात वापरला जाणारा जेएसबी रंग १९४४ साली जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या आपल्याच शास्त्रज्ञांनी तयार केला. साधी काच, स्वस्त रंग आणि प्रशिक्षित डोळा एवढ्या भांडवलावर या देशाने मोठी लढाई लढली. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत होता आणि सुमारे आठ लाख माणसे मरत होती. १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली निर्मूलन कार्यक्रम आला आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर उतरली. मग राज्यकर्ते निवांत झाले. १९७६ साली आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. रोग संपण्याआधी लक्ष काढून घेतले की काय होते, याचा हा धडा आहे.

काचपट्टीची पद्धत चांगली आहे, पण ती डोळ्यावर अवलंबून आहे. हिशेब करून पाहा. एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. खेड्यातल्या प्रयोगशाळेत चांगला तंत्रज्ञ तेवढ्या रक्तात ५० ते १०० जंतू असले तर पकडू शकतो. ५० धरले तर एक लाख पेशींत एक पेशी बाधित झाली. ज्या तंत्रज्ञासमोर काचपट्ट्यांचा ढीग आहे, ज्याचे भिंग जुने आहे आणि ज्याच्याकडे आणखी दोन केंद्रांचा कारभार आहे, त्याच्याकडून ही एक पेशी निसटली तर दोष एकट्या त्याचा नाही.

आता प्रकाशाची पद्धत काय आहे ते पाहू. तांबड्या पेशीत शिरलेला जंतू हिमोग्लोबिन खातो. ते पचवताना लोह असलेला ‘हीम’ नावाचा भाग उरतो. तो जंतूलाच विषारी असतो, म्हणून जंतू त्याचे बारीक तपकिरी स्फटिक करून ठेवतो. या स्फटिकांना हिमोझॉइन म्हणतात. लॅव्हेरान यांना दिसलेले काळपट कण ते हेच. क्लोरोक्विनचे औषध स्फटिक बनण्याची हीच क्रिया अडवते आणि जंतू स्वतःच्याच विषाने मरतो. हे स्फटिक प्रकाश शोषतात आणि विशिष्ट दिशेत कंप पावणाऱ्या, म्हणजे ध्रुवीकृत, प्रकाशात चमकतात. शिवाय जंतू शिरलेल्या पेशीचे आवरण ताठर होते. निरोगी पेशी आपल्यापेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही वाकून पार होते. बाधित पेशी तशी वाकत नाही. स्फटिक आणि ताठरपणा ही चोराने मागे ठेवलेली दोन खूण-चिन्हे समजा. प्रकाश ती ओळखू शकतो.

प्रकाशाला वजन नसले तरी तो ढकलतो आणि ओढतोही. अमेरिकेतील आर्थर अॅश्किन यांनी १९८६ साली लेझरचा किरण भिंगातून एका बिंदूवर आणून त्यात सूक्ष्म कण अडकवून दाखवला. पुढच्याच वर्षी त्यांनी जिवंत जीवाणू पकडले. याला प्रकाशाचा चिमटा म्हणता येईल. या कामासाठी त्यांना २०१८ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी नोबेल मिळाले.

हा चिमटा हिवतापाच्या पेशीवर लावला तो मुंबईतील कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने. दीपक माथुर, शोभना शर्मा, जयश्री धर्माधिकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी अवरक्त लेझरच्या चिमट्यात निरोगी आणि बाधित अशा दोन्ही पेशी पकडल्या. चिमट्यात दोन्ही पेशी घडी होऊन काडीसारख्या झाल्या. पण बाधित पेशी गरगर फिरू लागली आणि निरोगी पेशी स्थिर राहिली.

त्याच वर्षी इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील समरेंद्र मोहंती, अभा उप्पल आणि पी. के. गुप्ता यांनी दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. आज या केंद्राला राजा रामण्णा यांचे नाव आहे. बाबासाहेबांची जन्मभूमी महू इथून जवळच आहे. या शास्त्रज्ञांनी पेशी अधिक खारट द्रावणात ठेवल्या. त्या द्रावणात निरोगी पेशीचा आकार बदलतो आणि चिमट्यात ती आपोआप फिरू लागते. इथे फिरली नाही ती जंतू असलेली पेशी. दोन प्रयोगांचे निकाल उलटे दिसतात, कारण द्रावण आणि पेशीचा आकार वेगळे होते. दोन्हींतून निघणारा अर्थ एकच आहे. रंग न लावता, केवळ प्रकाशाच्या स्पर्शाला पेशी कसे उत्तर देते यावरून आजार ओळखू येतो.

इंदूरच्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट सामान्य माणसाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. रुग्णाच्या रक्तातल्या ज्या पेशींत जंतू नव्हता, त्यादेखील निरोगी माणसाच्या पेशींपेक्षा मंद फिरल्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही २०१० च्या सुमारास चिमट्यात अडकलेल्या पेशीची थरथर मोजून असाच बदल दिसला. म्हणजे घरात चोर शिरला की शेजाऱ्यांचीही चाल बदलते. याचे महत्त्व वरच्या हिशेबावरून कळेल. चिमट्यात एका वेळी एकच पेशी येते. एका पेशीला पाच सेकंद धरले तरी एक लाख पेशी तपासायला जवळजवळ सहा दिवस लागतील. तोवर रुग्ण राहणार नाही. पण शेजारच्या पेशीही बातमी देत असतील तर मोजक्या पेशी पाहून निदान करण्याची आशा धरता येते.

पुढे जगात याहून धाडसी प्रयोग झाले. अमेरिकेतील राइस विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ च्या अखेरीस दाखवले की लेझरचा क्षणिक झोत त्वचेतून टाकला तर हिमोझॉइनभोवती सूक्ष्म बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि त्याचा आवाज यंत्राला ऐकू येतो. सुई नको, रक्त नको. याच दिशेने केलेल्या ‘सायटोफोन’ नावाच्या यंत्राची आफ्रिकेतील कॅमेरूनमध्ये प्रत्यक्ष रुग्णांवर झालेली चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. हातावरच्या शिरेवर यंत्र ठेवायचे आणि वाहत्या रक्तातली बाधित पेशी ऐकायची. रुग्णांची संख्या लहान होती, तरी दिशा स्पष्ट आहे.

चाचणी कॅमेरूनमध्ये झाली, हे मुद्दाम लक्षात ठेवा. प्रकाशाच्या यंत्राला कातडीचा रंग आड येतो. काळ्या कातडीतले मेलॅनिन प्रकाश शोषते. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजणारे यंत्र कोरोनाच्या काळात घरोघरी गेले. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की रक्तात प्राणवायू कमी असूनही यंत्र तो पुरेसा दाखवते, ही चूक गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट वेळा झाली होती. यंत्राला द्वेष नसतो. पण यंत्र कोणाच्या अंगावर तपासून बाजारात आणले, यात समाजाची उतरंड शिरते. उद्या हिवतापाचे असे यंत्र आपल्याकडे आले तर ते आधी उन्हात राबणाऱ्या सावळ्या-काळ्या हातांवर, गडचिरोलीच्या आणि जुन्नरच्या डोंगरातल्या माणसांवर, त्यांची संमती घेऊन आणि त्यांना समजावून तपासले गेले पाहिजे. हुसेन खानाप्रमाणे आण्याच्या दराने नव्हे.

या तंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. फाल्सिपेरमचा वाढलेला जंतू शरीराच्या आतल्या रक्तवाहिन्यांना चिकटून बसतो. बोटाच्या रक्तात बहुधा त्याची कोवळी अवस्था सापडते आणि तिच्यात स्फटिक फार थोडे असतात. म्हणजे सर्वात घातक जंतूच स्फटिक शोधणाऱ्या प्रकाशाला चुकवू शकतो. प्रकाशाच्या चिमट्याला लेझर, स्थिर टेबल, अखंड वीज आणि जाणकार हात लागतो. आज खेड्यात उपयोगी पडते ती दहा-पंधरा मिनिटांत उत्तर देणारी पट्टीची चाचणी. तिच्यातही उणीव आहे. फाल्सिपेरमसाठी ती बहुधा एका विशिष्ट प्रथिनाचा माग घेते, आणि काही जंतूंमध्ये ते प्रथिन बनवणारा जनुकच उरलेला नाही. असे जंतू पट्टीला फसवतात. म्हणूनच नव्या पद्धतींची गरज खरी आहे, आणि काचपट्टी व तंत्रज्ञाची गरजही संपलेली नाही.

मग २००४ साली कुलाब्यात आणि इंदुरात दिसलेला उजेड दोन दशकांनंतरही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रोजच्या तपासणीत का पोचला नाही? विज्ञानाच्या अडचणी वर सांगितल्या. दुसरे कारण बाजाराचे आहे. हा रोग ज्यांना होतो त्यांच्या खिशात यंत्राची किंमत नाही, म्हणून कंपन्यांना घाई नाही. अशा वेळी सरकारने पुढे व्हायचे असते. टाटा संस्था आणि इंदूरचे केंद्र, दोन्ही केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली चालतात. हा पैसा जनतेचा आहे. बाजारातल्या वस्तू घेताना कर भरणाऱ्या मजूर बाईचाही त्यात वाटा आहे. शोधनिबंध छापून आला की तिचा हिशेब पूर्ण होत नाही.

जुन्नर तालुक्याचे या संस्थेशी थेट नाते आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे, ती याच टाटा संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची. रेडिओ लहरी म्हणजेही प्रकाशाचाच एक प्रकार. ज्या तालुक्याच्या जमिनीवरून अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला क्षीण संकेत पकडला जातो, त्या तालुक्यातल्या तापकरी मजुराच्या रक्तातला जंतू त्याच दिवशी पकडला जावा, ही मागणी अवास्तव नाही. खोडदला राष्ट्रीय विज्ञान दिनाला मोठे प्रदर्शन भरते. १९२८ साली २८ फेब्रुवारीला सी. व्ही. रामन यांनी प्रकाशाच्या विखुरण्याचा जो शोध जाहीर केला, त्याचा हा दिवस. ओतूर, जुन्नर आणि आंबेगावच्या वस्त्यांतील शिक्षकांनी आपली मुले तिथे न्यावीत. मुलांनी तबकड्या पाहाव्यात आणि तिथल्या शास्त्रज्ञांना हिवतापाच्या पेशीचाही प्रश्न विचारावा. प्रश्न विचारणारी मुलेच उद्या ते यंत्र बनवतील.

तोपर्यंत आजची कामे आजच मागितली पाहिजेत. रक्त घेतल्यापासून २४ तासांत अहवाल मिळावा आणि काचपट्टीचा अहवाल तेवढ्यात येणार नसेल तर पट्टीची चाचणी करावी, हे सरकारचेच धोरण आहे. ते प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर मराठीत लिहिलेले असावे. प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे पद जिथे रिकामे असेल तिथे ते भरावे. ‘नवे यंत्र येणार आहे’ हे पद न भरण्याचे कारण होऊ शकत नाही. ऊसतोडीच्या पालांवर आणि बांधकामाच्या वस्त्यांवर आरोग्यसेवकाने ताप असलेल्यांचे रक्तनमुने तिथेच जाऊन घ्यावेत. मजूर दवाखान्यात आला तर त्याची दिवसाची मजुरी बुडते, हे धोरण आखणाऱ्यांनी विसरू नये. देशाने २०३० पर्यंत हिवतापाच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. १९६५ नंतर झालेली चूक पुन्हा करायची नसेल तर शेवटचे थोडे रुग्ण शोधण्यावरच जास्त खर्च करावा लागेल, आणि ते थोडे रुग्ण बहुधा सर्वात दूरच्या वाडीवर असतील.

आपलीही काही कर्तव्ये आहेत. थंडी वाजून ताप आला तर अंगारा आणि गंडादोरा बाजूला ठेवून त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. मुंबईहून किंवा जंगलपट्ट्यातून आला असाल तर ते डॉक्टरला आपणहून सांगा. अहवालावर व्हायवॅक्स की फाल्सिपेरम हे लिहून मागा, कारण दोन्हींची औषधे वेगळी आहेत. व्हायवॅक्सचा जंतू यकृतात लपून राहतो आणि महिन्यांनी परत येतो. त्यासाठी डॉक्टरांनी १४ दिवसांच्या गोळ्या दिल्या तर ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नका.

ओतूरच्या मातीला सत्य शोधण्याची जुनी सवय आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या बाळाजी कुसाजी पाटलांनी सत्यशोधक पद्धतीने, पुरोहिताला न बोलावता लग्ने लावली, तेव्हा ग्रामजोशाने त्यांना कोर्टात खेचले होते. ते डगमगले नाहीत. परंपरा सांगते म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण तर जुन्नरच्या लेण्यांइतकी जुनी आहे. त्या लेण्यांतल्या दानांच्या नोंदींत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीही आहेत. कष्टकऱ्यांच्या पैशावर ज्ञानाची घरे उभी राहतात, हे तेव्हाही खरे होते. त्या घरांतला उजेड कष्टकऱ्यांच्या अंगणापर्यंत आणणे हे आपले काम आहे. येत्या पावसाळ्याआधी आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात जाऊन एवढेच विचारा: रक्त कोण तपासतो, आणि अहवाल किती तासांत मिळतो?